'बी' की 'एबी'?

प्रश्न : ताई, मी २८ वर्षांची, कर्वेनगरला राहते. गणपतीत मंडळाच्या शिबिरात पहिल्यांदाच रक्तदान केलं. माझा गट एबी निघाला. शाळेच्या ओळखपत्रापासून लायसन्सपर्यंत सगळीकडे 'बी' लिहिलंय. बाबांचा ओ होता, त्यांच्या बायपासच्या फाइलवर मी कितीदा तरी वाचलाय. आईला विचारलं, तर तिने आधी गॅस बंद केला, मग म्हणाली, "डोनर होता." त्यापुढे एक शब्द नाही. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. मला दुसरा बाप नकोय. पण तो कोण, हे कळायचा हक्क मला आहे की नाही?

उत्तर : असायला हवा, असं माझं स्पष्ट मत. आपल्या कायद्यात मात्र तो नाही. कृत्रिम गर्भधारणेसाठी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने वीर्यबँकेला डोनरचं, म्हणजे वीर्यदात्याचं, नाव, पत्ता, आधार क्रमांक नोंदवावा लागतो, आणि दहा वर्षांनी त्या नोंदी राष्ट्रीय नोंदणीकडे जातात. म्हणजे सरकारला कळणार, मुलाला नाही! ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५ नंतर दान केलेल्याचं नाव मूल अठराचं झालं की मागू शकतं. स्वीडनने तर हे १९८५ मध्येच केलं. तुझा जन्म आपल्या कायद्याच्या कितीतरी आधीचा.

मला राहून राहून तो 'बी' दिसतोय. शाळेचा फॉर्म भरताना आईने तो विचार करूनच लिहिला असणार. बाप ओ असेल तर मूल एबी होत नाही, हे तिला कुणीतरी सांगितलं असेल. तेव्हा डॉक्टरही बजावायचे, कुणाला बोलू नका. ते एक अक्षर तिने एकटीने सांभाळलं. (लायसन्सवरचा गट मात्र लगेच बदलून घे, ते धोक्याचं आहे.)

त्या डॉक्टरांकडे आईला घेऊनच जा. फाइल तिच्या नावावर. तू एकटी गेलीस तर रिसेप्शनवरूनच परत पाठवतील. नाव मिळेल असं धरून जाऊ नकोस. डोनरचं वय, आजार, थॅलेसेमियाची तपासणी झाली होती का, एवढं विचार. कागद उरलेच नसतील, हीही तयारी ठेव. डीएनए किट मागवण्याआधी थोडं थांब. त्यातून नातेवाईक सापडतात, आणि मग तिकडच्या घरातही कुणीतरी गॅस बंद करतं.

आणि हो, डॉक्टरांच्या फॉर्मवर आजवर 'वडिलांना हृदयविकार' लिहीत आली असशील. आता तिथे 'माहीत नाही' लिहायचं. पहिल्या वेळी हात अडेल.