सुरमईची तुकडी केवढी, पापलेट किती ग्रॅमचं?

प्रश्न : लहान पापलेटं स्वस्त मिळतात, पण ती घेऊ नयेत म्हणतात. ‘लहान’ म्हणजे नेमकं किती? (एक वाचक, डोंबिवली)

कायद्यापुरतं उत्तर सोपं आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये मासळीच्या ५४ जातींची किमान लांबी ठरवून दिली : पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७०, बांगडा ११०. याहून लहान मासळी पकडायला मनाई आहे. पापलेटला राज्यमाशाचा मानही त्याच वर्षी मिळाला, तरी बारीक पापलेटांचे वाटे बाजारातून गेलेले नाहीत.

गोम अशी, की ही लांबी गाठली म्हणजे मासा विणीला आला असं नाही. सुरमई पहिल्यांदा अंडी घालते ती साधारण ७० सेंटिमीटरची झाल्यावर, तेव्हा तिचं वजन अडीच किलोच्या आसपास असतं. ३७ सेंटिमीटरची सुरमई कायद्यात बसते, पण ती पिल्लूच.

बाजारात पट्टी घेऊन कोणी जात नाही, म्हणून वजनाचा हिशेब ठेवा. पापलेट किलोला चार, फार तर पाच. बांगडे दहा-बारा, वीस बसत असतील तर सोडून द्या. किलोभराची अख्खी सुरमई घेण्यापेक्षा मोठ्या सुरमईच्या तुकड्या घ्या. मधली तुकडी चार बोटांहून कमी उंचीची असेल तर मासा लहान होता. शेपटाकडच्या तुकडीवरून ठरवू नका, ती मोठ्या माशाचीही बारीकच असते.

रोजच्या जेवणाला बांगडा, तारली, बोंबील, मांदेली केव्हाही बरी. हे मासे लवकर वाढतात, वर्षभरात विणीला येतात, त्यामुळे त्यांची तूट लवकर भरून निघते. मुशीचं (लहान शार्कचं) उलट आहे. ती उशिरा वयात येते आणि एका वेळी मोजकीच पिल्लं देते. मुशीचं मटण कितीही आवडलं तरी ते क्वचितच करावं, हे आमचं स्पष्ट मत.

प्रश्न : जून-जुलैत मासे घेतले तर बंदी मोडल्यासारखं होतं का? (एक वाचक, पुणे)

सरसकट नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. बिनइंजिनाच्या होड्यांना ती लागू नाही, त्यामुळे खाडीत पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकून धरलेली मासळी रीतसर येते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे जूनच्या उत्तरार्धात आंध्र-तमिळनाडूचा मासा पुण्यात आला तर त्यात गैर काही नाही. तळ्यातले रोहू-कटला आणि शेततळ्यातली वनामी कोळंबीही असतेच.

‘कुठला मासा?’ एवढं विचारा. भर जुलैत ‘आजच आपल्या ट्रॉलरवर मिळाला’ असं उत्तर आलं, तर एक तर तो बर्फातला जुना माल आहे, नाहीतर बंदी मोडून धरलेला. दोन्ही नको.

प्रश्न : गाबोळीचा मासा खाल्ला तर पुढची पिढीच खाल्ली असं होत नाही का? (एक वाचक, रत्नागिरी)

पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, आहे म्हणजे तो मासा निदान वयात तरी आला होता. एकदाही न व्यालेलं पिल्लू घेण्यापेक्षा हे कमी वाईट. पण मुद्दाम गाबोळीचेच मासे निवडून घेऊ नका. मागणी वाढली की ऐन विणीच्या जागी जाळी पडतात.

चिंबोरीचं (खेकड्याचं) आणि शेवंडीचं (लॉब्स्टरचं) मात्र वेगळं. चिंबोरी उलटी करून पोटाखालचं झाकण बघा : नराचं अरुंद, टोकदार, मादीचं रुंद, गोलसर. त्या झाकणाखाली बाहेरून अंड्यांचा पुंजका लटकत असेल तर ती घेऊ नका. अंडी आधी केशरी असतात, फुटायला आली की काळपट होतात. आत भरलेली चिंबोरी आणि ही बाहेर अंडी घेतलेली, यात गल्लत करू नका. शेवंडीची अंडीही शेपटीखाली अशीच चिकटलेली दिसतात. मुंबईच्या समुद्रातली चपटी शेवंड ट्रॉलरच्या अतिरेकाने १९९४ च्या सुमाराला जवळजवळ संपली, हे ध्यानात असू द्या.

प्रश्न : तिसऱ्या निर्धास्त घ्याव्यात ना? (एक वाचक, मडगाव)

हातांनी वेचलेल्या असतील तर समुद्राला त्यांचा भार कमी. केरळच्या अष्टमुडी तलावात लहान शिंपले गळून पडावेत म्हणून मोठ्या आसांची (छिद्रांची) जाळी वापरतात आणि डिसेंबर ते फेब्रुवारी वेचणी बंद ठेवतात. २०१४ मध्ये तिथल्या शिंपल्यांना एमएससी हे शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिलंच. दोरावर वाढवलेले शिनाणेही (हिरव्या कवचाचे शिंपले) चांगले, कारण त्यांना वेगळं खाद्य घालावं लागत नाही.

धोका आहे तो पाण्याचा. तिसऱ्या पाणी गाळून जगतात, त्यामुळे सांडपाण्याच्या नाल्याजवळच्या नकोतच. उघडी तिसरी टिचकी मारून बघा, मिटली नाही तर टाका. आणल्यावर लिटरला ३० ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात दोन-तीन तास ठेवा, म्हणजे रेती सोडतात. साध्या पाण्यात ठेवल्या तर तोंड मिटून बसतात किंवा मरतात, आणि रेती मात्र कालवणात येते.