कोटिंगने धातू धरलाय का?

प्रश्न : उद्यमबागमध्ये आमचं प्रेसवर्कचं वर्कशॉप आहे. डी२ या टूल स्टीलचे पंच (पत्रा कापणारी हत्यारं) वायरकटवर, म्हणजे तारेच्या विजेच्या ठिणग्यांनी, कापून टायटेनियम नायट्राइड कोटिंगला बाहेर पाठवतो. काही लॉट छान चालतात, काहींचं कोटिंग धारेजवळ लगेच उडतं. पंच प्रेसवर चढवण्याआधी कोटिंगची पकड तपासता येईल का? कडकपणा मोजायचं रॉकवेल मशीन आमच्याकडे आहे.
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : येईल, आणि तेच मशीन पुरेल. सी स्केल, १२० अंशांचा हिरा, १५० किलो भार. आधी टेस्ट ब्लॉकवर (कडकपणा माहीत असलेल्या ठोकळ्यावर) हिरा तपासा. टोक तुटकं असेल तर चांगलं कोटिंगही फुटतं. जागा अ‍ॅसिटोनने पुसून हिरा दाबून तीन ठसे घ्या आणि ठशाची कड शंभर पट मायक्रोस्कोपखाली पाहा. बाहेर पसरलेल्या बारीक चिरा चालतात. खाली पोलाद दबलं की वरचा कडक थर चिरणारच. शोधायचं ते उडालेलं कोटिंग : सोनेरी थर जाऊन उघडा पडलेला पांढुरका धातू. एखादी टिकली उडाली तर हरकत नाही, ठशाभोवती सलग कडं उघडं पडलं तर लॉट परत पाठवा. व्हीडीआय ३१९८ या जर्मन मार्गदर्शिकेत पकडीच्या एचएफ १ (उत्तम) ते ६ (वाईट) अशा दर्जांच्या आकृत्या आहेत. ४ पर्यंत पास, ५ आणि ६ नापास. या आकृत्या मशीनजवळ लावून ठेवा.

ठसा घ्यायचा कुठे, यावर सगळं अवलंबून आहे. धारेवर कधीच नको. पण शँक (पंच पकडायचा दांडा) ग्राइंड केलेला आणि प्रोफाइल (कापणारा आकार) वायरकटची असेल, तर शँकवरचा ठसा प्रोफाइलबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून त्याच बारचा एक तुकडा हार्डनिंग, वायरकट, कोटिंग असा पंचांसोबतच फिरवा आणि ठसे त्याच्या वायरकट झालेल्या बाजूवर घ्या. वायरकटने पोलाद वितळून पुन्हा गोठतं, त्याची ठिसूळ साय पृष्ठभागावर राहते. कोटिंग या सायीला घट्ट बसतं, पण सायच पोलादापासून सुटते. तुमच्या तक्रारीत पहिला संशय हिच्यावर घ्या. वायरकटचे शेवटचे हलके फेरे (स्किम कट) बारीक घेऊन, पॉलिश करून ती काढल्याशिवाय पंच कोटिंगला देऊ नका.

डायलचा आकडाही लिहून ठेवा. कोटिंग दोन-चार मायक्रॉनच असतं, त्यामुळे आकडा खालच्या पोलादाचा येतो. कोटिंगआधी ६० आणि नंतर ५५ आला, तर चूक टेम्परिंगची, म्हणजे हार्डनिंगनंतर पुन्हा तापवण्याची. २०० अंशांवर टेम्पर केलेलं डी२ कोटिंगच्या चारशे-साडेचारशे अंशांत मऊ पडतं आणि भाराखाली दबून थर फोडतं. तिथे कोटिंगवाल्याशी भांडून उपयोग नाही; हीट ट्रीटमेंटवाल्याला ५०० ते ५२० अंशांवर दोनदा टेम्पर करायला सांगा.

प्रश्न : पंपाच्या स्लीव्हवर (शाफ्टवर बसणाऱ्या नळीवर) प्लाझ्मा स्प्रेने, म्हणजे वितळलेली पूड फवारून, क्रोमियम ऑक्साइडचा ०.३ मिमी थर मारून घेतो. त्यालाही रॉकवेल चालेल?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. हा थर जाड आणि सच्छिद्र असतो. ठसा त्याचा भुगा करेल, पकड कळणार नाही. इथे ओढून तोडायची चाचणी लागते, एएसटीएम सी६३३ या अमेरिकन मानकाची. एक इंच व्यासाच्या गोल तुकड्याच्या तोंडावर तोच थर मारायचा, इपॉक्सीने दुसरा तुकडा चिकटवायचा, टेन्साइल मशीनवर ओढायचं. असे पाच नमुने घ्या, शिवाय कोटिंग नसलेली एक जोडी नुसत्या इपॉक्सीची ताकद कळायला. या तुकड्यांवर थर ०.३८ मिमीपेक्षा जाडच हवा, नाहीतर इपॉक्सी छिद्रांतून धातूपर्यंत मुरतं आणि आकडा खोटा वाढतो. तुटताना इपॉक्सीच सुटलं, तर रिपोर्टमध्ये ‘किमान इतकी पकड’ एवढंच लिहिता येतं.