काल काय झालं? मालिकांचे रिकॅप लिहिणाऱ्यांचे प्रश्न

गेल्या अंकात विचारलं होतं की तुमच्यापैकी कोण कोण मालिका बघून घरच्यांसाठी, ग्रुपसाठी, पेजसाठी लिहितं. पत्रं भरपूर आली, त्यातली जी सगळ्यांच्या कामाची वाटली ती घेतलीत.

ताई, मी सोसायटीच्या ग्रुपवर रोज रात्री एका मालिकेचा रिकॅप टाकते, ज्यांचा भाग स्वयंपाकात नाहीतर मुलांच्या अभ्यासात हुकतो त्यांच्यासाठी. कोण काय बोललं, कोण रडलं सगळं लिहिते, पण इतकं लांबतं की कोणी वाचत नाही आणि सकाळी मलाच फोन करून विचारतात की काल काय झालं! – एक वाचक, सांगली

तुम्ही सीन लिहिताय हो, आणि त्यांना हवीये बातमी. रोजच्या मालिकेत फारसं काही घडत नाही, कोणाला तरी काहीतरी कळतं, एवढंच होतं. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती काढल्या की साधारण वीस-बावीस मिनिटं उरतात, त्यात सुरुवातीला मागच्या भागातलं, शेवटी उद्याच्या भागातलं, मधे एक वाक्य बोललं की घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा एकेक चक्कर मारून येतो, आणि हे सगळं वजा केलं की हातात राहतं काय तर अमकीला तमकी गोष्ट समजली, किंवा समजता समजता राहिली कारण नेमकी दाराची बेल वाजली.

म्हणून लिहायला बसायच्या आधी स्वतःला एकच विचारा, की आज कोणाला असं काय कळलं जे काल माहीत नव्हतं? 'आई कुठे काय करते' आठवा. अरुंधतीचा नवरा अनिरुद्ध आणि संजना यांचं प्रकरण बघणाऱ्यांना सुरुवातीलाच ठाऊक झालं होतं, अरुंधतीला कळायला कितीतरी महिने गेले, आणि तेवढे महिने आपण रोज साडेसातला बसायचो ते आज तिला संशय येतो का एवढ्यासाठीच. तेव्हाच्या रिकॅपमध्ये कोणी डबे भरले, कोण टोमणा मारून गेलं हे नसलं तरी चालेल, पण अरुंधतीला अजून माहीत नाही ही ओळ हवीच.

तर कळलं काय, कसं कळलं (चोरून ऐकलं, मोबाईल टेबलावर राहिला, बँकेचा कागद सापडला, ह्यातलं काहीतरी असतंच) आणि अजून कोण अंधारात आहे, एवढं लिहा. चार-पाच ओळी होतात. नावापुढे नातं टाका, "यश, म्हणजे धाकटा मुलगा" असं, कारण ग्रुपवर नव्याने आलेल्या काकूंना यश कोण हे माहीत नसतं आणि विचारायला त्यांना संकोच वाटतो. संवाद एखादाच द्या, तोही खरंच टाळी घेणारा असेल तर. आणि स्वप्न असेल तर पहिल्याच ओळीत सांगून टाका! नाहीतर अपघात झाला, नायक गेला वगैरे वाचून अर्धा ग्रुप तिथेच वाचायचं थांबवतो आणि उरलेला अर्धा तुम्हाला फोन लावतो.

मोबाईल ॲपवर पैसे भरले की भाग टीव्हीच्या आधी बघायला मिळतो. मी तो बघून लगेच लिहिलं तर लोक चिडतात, "मजा घालवली" म्हणतात. किती थांबायचं? – एक वाचक, पुणे

टीव्हीवरचा भाग संपेपर्यंत थांबा, एवढं तरी कराच. बाकी सगळेच स्पॉयलर सारखे नसतात हो. उद्या लग्नात कोणीतरी येऊन "हे लग्न होऊ शकत नाही" म्हणणार, हे चॅनेलच आठवडाभर प्रोमोत दाखवतं, ते तुम्ही सांगितलंत म्हणून कोणाचं काय बिघडणार आहे? पण 'तुला पाहते रे'सारखं प्रकरण वेगळं. ही मालिका २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा लोक विक्रांत सरंजामे आणि ईशाच्या वयातल्या अंतराची लव्हस्टोरी म्हणून बघत होते, आणि पुढे त्या देखण्या माणसाचं खरं रूप बाहेर आलं. जी माणसं नंतर ॲपवर पहिल्यापासून बघायला घेतात त्यांना हे आधीच सांगणं म्हणजे शुद्ध छळ आहे. ज्या गोष्टीने आधीचे सगळे भाग वेगळे दिसायला लागतात ती मथळ्यात नको, फोटोत नको, पहिल्या दोन ओळींत तर नकोच, कारण नोटिफिकेशनमध्ये नेमक्या त्याच दिसतात.

आणि रिमेक असेल तर आणखी जपून. 'आई कुठे काय करते'चं मूळ बंगाली 'श्रीमोयी', हिंदीत तीच गोष्ट 'अनुपमा' म्हणून आली. तिकडचं वाचून "पुढे असं होणार" असं छातीठोक लिहू नका, रिमेक वाटेत वळणं बदलतात आणि मग तुम्हीच तोंडघशी पडता.

मला रिकॅप नाही, समीक्षा लिहायचीये. पण रोज काय लिहिणार, "आज पण काही झालं नाही"? आणि वाईट लिहिलं की "तुम्ही बघता कशाला" म्हणतात. – एक वाचक, नागपूर

रोज लिहूच नका ना. दैनंदिन मालिकेच्या एका भागाची समीक्षा करण्यात अर्थ नसतो, महाएपिसोड सोडला तर. ट्रॅकची करा. एक गुपित सुरू झालं तिथपासून ते फुटलं तिथपर्यंत, मग ते दोन आठवडे असोत नाहीतर चार महिने.

आता त्यात बघायचं काय? माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न हा, की हिला जे माहीत आहे ते ही सांगत का नाही. सांगितलं तर मुलीचं लग्न मोडेल, सासऱ्यांना धक्का बसेल, नोकरी जाईल, असं काही पटणारं कारण लेखकाने दिलं असेल तर ट्रॅक कितीही लांबला तरी आपण बघतो आणि कुरकुरत का होईना पण मनापासून बघतो. आणि कारण काहीच नाही, दर वेळी "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय" म्हटलं की फोन वाजतो, दूध उतू जातं, कोणीतरी चक्कर येऊन पडतं, तर तो आळस आहे आणि तसं स्पष्ट लिहा. दुसरं म्हणजे माणूस कालच्यासारखाच वागतोय का. सहा महिने हुशार वकीलीण दाखवलेली बाई एक दिवस न वाचता कागदावर सही करते, तिथे झापायलाच पाहिजे. फक्त ॲक्टरला झापू नका, टायटल्समध्ये कथा, पटकथा, संवाद अशी वेगवेगळी नावं येतात, ती वाचा.

थोडी माहिती मात्र हवी. कोणती मालिका किती लोक बघतात हे मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे टीआरपीचे आकडे गुरुवारी येतात आणि त्यावरून चालू ट्रॅक ताणला जातो नाहीतर घाईघाईत गुंडाळला जातो, त्यामुळे एखाद्या आठवड्यात अचानक सगळ्यांना सगळं कळायला लागलं तर गोष्ट तिथे पोचली असेलच असं नाही. कोणी आजारी असतं, कोणाचे नाटकाचे दौरे असतात, मग ते पात्र "गावाला गेलंय" होतं. २०२० ला लॉकडाऊननंतर शूटिंग परत सुरू झालं तेव्हा ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सरकारी नियमाने सेटवर बंदी होती, ऑगस्टमध्ये हायकोर्टाने ती अट रद्द करेपर्यंत. त्या दिवसांत आजी-आजोबा कुठे गेले म्हणून लेखकाला शिव्या घालणं अन्यायच.

"बघता कशाला" विचारणाऱ्यांना सांगा, लिहिता यावं म्हणून. मला तरी अजून ह्याहून बरं उत्तर सुचलेलं नाही. पण थट्टा करताना एक बघा की थट्टा मालिकेची होतेय की ती बघणाऱ्या बाईची. दुसरी सोपी असते, म्हणूनच जास्त दिसते, आणि मला ती अजिबात आवडत नाही.

रिकॅपच्या व्हिडिओत मालिकेतल्या क्लिप टाकल्या तर चालतं का? – एक वाचक, नाशिक

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात समीक्षेसाठी उचित वापराला सूट आहे, म्हणजे ज्या प्रसंगावर तुम्ही बोलताय तो थोडक्यात दाखवणं वेगळं आणि अख्खा भाग लावून वरून "बघा आता काय होतं ते" म्हणत राहणं वेगळं. ह्या दुसऱ्या प्रकाराला समीक्षा म्हणता येत नाही. आणि कायदा काही म्हणो, यूट्यूबची यंत्रणा आपोआप क्लिप ओळखून दावा लावते, मग तुम्ही हरकत घेत बसा. त्यापेक्षा कॅमेऱ्यासमोर बसून सांगा, लोक ऐकतात.

आम्ही न्यू जर्सीत आठवड्याचे सगळे भाग रविवारी एकदम बघतो. आई रोज फोनवर रिकॅप देते, तिला थांबवायचं कसं? – एक वाचक

थांबवू नका. तिला म्हणा, कोणाला कळलं तेवढं सांग, कसं कळलं ते आम्ही रविवारी बघू.