छंदाच्या रंगपेटीसाठी हप्ता घ्यावा का?

प्रश्न : मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळमिलमध्ये हिशेबनीस आहे. हातात ३४,००० रुपये पगार येतो आणि गृहकर्जाचा ११,२०० रुपयांचा हप्ता धरून घरखर्च २७,००० रुपये होतो. पतसंस्थेतील आवर्त ठेव श्रावणात पूर्ण होऊन ६०,००० रुपये मिळतील. याखेरीज शिल्लक नाही. मला लहान प्रतिकृती रंगवण्याचा छंद आहे. आजवर मित्राचे साहित्य वापरत होतो, पण तो आता पुण्याला गेला. धुळ्याच्या एका परिचिताकडे रेझिनचा (द्रव प्लास्टिकपासून मूर्ती घडवणारा) थ्रीडी प्रिंटर आहे. त्याच्यामार्फत दिवाळीसाठी पाच मावळे रंगवण्याचे काम मिळाले आहे. प्रत्येकी ८०० रुपये मिळतील आणि एका मूर्तीला मला आठ तास लागतात. ७२ रंगांची पेटी १९,५००, एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे साधन) व कॉम्प्रेसर ११,५००, प्राण्याच्या केसांचे तीन कोलिन्स्की ब्रश ४,८००, दिवा व भिंग ३,२०० आणि किरकोळ ३,००० असे एकूण ४२,००० रुपयांचे साहित्य मी निवडले आहे. दुकानदार रोखीत ५ टक्के सूट देतो, किंवा क्रेडिट कार्डावर ३,५०० रुपयांचे बारा बिनव्याजी हप्ते. हप्ते घ्यावेत की ठेव वापरावी?

उत्तर : दोन्ही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. छंद सोडावा असे मात्र मी मुळीच म्हणत नाही, कारण आपल्याकडे हातातली कला आणि पहिले गिऱ्हाईक अशा दोन्ही गोष्टी आहेत. अडचण यादीत आहे. ती वर्षभर नियमित काम मिळणाऱ्या कारागिराची यादी आहे, आणि आपल्या हाती सध्या पाच मूर्ती आहेत.

आपलेच आकडे घेऊन हिशेब मांडू. एका मूर्तीमागे रंग, प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर), वार्निश आणि ब्रशची झीज मिळून ६० रुपये खर्च धरला, तर ८०० रुपयांतून ७४० उरतात, म्हणजे तासाला साधारण ९२ रुपये. ४२,००० रुपये वसूल होण्यासाठी ५७ मूर्ती, म्हणजे ४५६ तास काम करावे लागेल. मिलची नोकरी सांभाळून आठवड्याला सहा तास मिळाले, तरी दीड वर्षाच्या आसपास काळ जातो. तोही काम अखंड मिळत राहिले तर. किल्ल्यावरच्या मावळ्यांना मागणी असते ती दिवाळीपूर्वीचे काही आठवडे, आणि रस्त्याकडेला प्लास्टरचे मावळे मिळत असताना ८०० रुपये मोजणारा माणूस हा मुलांसाठी किल्ला करणारा पालक नसून संग्राहक असतो. असे ग्राहक आहेत, पण ते जळगावपेक्षा पुण्या-मुंबईत अधिक असणार, आणि तेथवर पोहोचायला वेळ लागतो.

आता साहित्याकडे येऊ, कारण खरी बचत तिथेच आहे. ७२ रंगांच्या पेटीचा मोह मला समजतो, परंतु मावळ्याच्या अंगावर असते काय? पांढरा अंगरखा, एखाद्याचे तांबडे पागोटे, कातडी पट्टा, लोखंड, पितळ आणि त्वचा. यासाठी पांढरा, काळा, तांबडा, निळा, पिवळा, गेरू, दोन तपकिरी, एक त्वचेचा रंग, पोलादी आणि पितळी असे अकरा रंग, त्यांच्या जोडीला तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), ब्रशने लावायचा प्रायमर आणि मॅट वार्निश अशा चौदा बाटल्या पुरतात. बाकीच्या छटा मिश्रणातून निघतात, आणि मिश्रण केल्यानेच रंगाची समज वाढते. आपण पाठवलेल्या दरपत्रकात वायेहो या ब्रँडची १७ मिलीची बाटली ३०० रुपयांना आणि सिटाडेल या ब्रँडचा १२ मिलीचा डबा ३९० रुपयांना आहे. मिलीमागे पहिला रंग साडेसतरा रुपयांच्या थोडा वर पडतो, दुसरा साडेबत्तीस. शिवाय ठिबकणाऱ्या तोंडाच्या बाटलीतून हवे तेवढे दोन थेंब निघतात, तर उघड्या डब्यातला रंग प्रत्येक वेळी झाकण काढल्यावर थोडा सुकतो. मी बाटल्याच घेईन. चित्रकलेच्या दुकानातील साधे ॲक्रिलिक मूर्तीच्या चेहऱ्यावर वापरू नये. ते जाड असते आणि पातळ केल्यावर बारीक कामात त्याचा थर एकसारखा बसत नाही. मूर्तीखालचा खडक आणि जमीन यांसाठी मात्र ते उत्तम, आणि फेव्हिकॉलवर चाळलेली शेतातली माती भुरभुरली की त्यासाठी वेगळे सामान विकत घेण्याची गरज उरत नाही.

कोलिन्स्कीचा ब्रश महाग असला तरी एक घ्यावा, एक नंबरचा. त्याच्या पोटात रंग भरपूर राहतो आणि टोक मिटलेले राहते, त्यामुळे डोळा किंवा मिशी एकदा रंग घेतल्यावर पूर्ण होते. तीन घेण्याचे कारण नाही. धातूचे रंग, वॉश आणि ड्रायब्रशिंग (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवटे उजळणे) यांसाठी साधे सिंथेटिक ब्रश ठेवावेत, कारण धातूच्या रंगातील बारीक चकाकते कण चांगल्या ब्रशच्या केसांत अडकून राहतात. रंग ब्रशचे केस धरणाऱ्या पत्र्याच्या कडेपर्यंत चढू न देणे आणि काम संपताच साबणाने धुऊन टोक बोटांनी मिटवून ठेवणे, एवढे पाळले तर हा खर्च वारंवार करावा लागत नाही.

एअरब्रशबाबत मी अधिक ठाम आहे. रणगाडा, विमान, रेल्वे इंजिन अशा मोठ्या सपाट पृष्ठभागावर किंवा वीस-तीस मूर्तींना एकदम प्रायमर द्यायचा असेल तर त्याला तोड नाही. पाच मावळ्यांसाठी मात्र रंग भरण्यापेक्षा सुई व तोटी धुण्यातच अधिक वेळ जाईल. त्यात आपला उन्हाळा! मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा ॲक्रिलिक सुईच्या टोकावरच सुकून तोटी तुंबते आणि रंग सुकणे लांबवणारे द्रावण वेगळे घ्यावे लागते. कूलरचा झोत मूर्तीवर घेतला तर धूळ चिकटते, बंद ठेवला तर आपण बसू शकत नाही. कॉम्प्रेसरचा आवाज, रात्रीची वेळ आणि शेजारी यांचा विचार वेगळाच. ब्रशने काम करतानाही पॅलेटवरचा रंग लवकर सुकतो, पण त्यावरचा उपाय स्वस्त आहे : पसरट झाकणाचा डबा, त्यात ओला टिश्यू आणि वर बेकिंगचा कागद. विकतची ओली पॅलेट याहून फारसे काही वेगळे करत नाही.

म्हणजे बाटल्या ४,२००, एक कोलिन्स्की व दोन सिंथेटिक ब्रश १,८००, ब्रशचा साबण ४००, पॅलेटचे सामान १५०, टेबल लॅम्प ७०० आणि मास्क व हातमोजे ३५०, असे ७,६०० रुपये होतात. यातील शेवटची बाब टाळू नका. रेझिन घासताना उडणारी भुकटी छातीत जाणे बरे नाही. आपल्याकडे महिन्याला ७,००० रुपये उरतात. या महिन्यात बाटल्या, ब्रश आणि मास्क, पुढच्या महिन्यात उरलेले, असे केल्यास कर्ज लागत नाही, आणि अकरा मूर्तींत, म्हणजे सुमारे पंधरा आठवड्यांच्या कामात, पैसे वसूल होतात.

बिनव्याजी हप्त्याविषयी थोडे सांगतो. व्याज असतेच, दुकानदार तेवढी सूट देऊन ते झाकतो. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच कार्डाच्या बिलात येतो. व्याजदर १६ टक्के धरला तर हा जीएसटी सुमारे ६०० रुपये होतो, आणि रोखीची ५ टक्के सूट, म्हणजे २,१०० रुपये, हातून जाते. प्रक्रिया शुल्क असेल तर ते आणखी. यापेक्षा मला चिंता वाटते ती ही की दरमहाच्या शिल्लकीतील अर्धी रक्कम वर्षभर अडकून राहील, आणि त्या वर्षात दवाखान्याचा एक खर्च आला की कार्डाचे बिल थकेल. थकलेल्या बिलावर महिन्याला ३ ते ४ टक्के व्याज लागते.

ठेवीला तर हात लावूच नये. २७,००० रुपये खर्चाच्या घराला सहा महिन्यांचे १,६२,००० रुपये बाजूला हवेत आणि आपल्याकडे ६०,००० आहेत. श्रावणात ती रक्कम हाती आली की पतसंस्थेत पुन्हा न गुंतवता बँकेत ठेवा, सहकारी असली तरी चालेल. बँकेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवींना ते नसते. पतसंस्थांत ठेवी अडकल्याचे पाहिलेल्या खान्देशात हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये, पण तरीही अनेकजण पाव-अर्धा टक्का अधिक व्याजासाठी ते विसरतात.

साहित्याचे पैसे सुटल्यावर रंगकामाची कमाई वेगळ्या बचत खात्यात जमू द्या आणि एअरब्रश त्याच खात्यातून, ११,५०० रुपये जमल्यावर घ्या. तोवर प्रत्येक मूर्तीचे तास आणि खर्च वहीत लिहिणे आपल्यासारख्या हिशेबनिसाला जड जाऊ नये. आठ तासांचे साडेसहा झाले तर तासाचा मोबदला ११४ रुपयांच्या आसपास जाईल, आणि दर न वाढवताही हे काम परवडू लागेल.

करापुरते सांगायचे तर हे उत्पन्न व्यवसायाचे धरले जाते, त्यामुळे आयटीआर-१ या विवरणपत्राऐवजी अनुमानित उत्पन्नाच्या (ठरावीक टक्केवारीने नफा धरण्याच्या) तरतुदीखाली आयटीआर-४ भरावा लागेल. आपल्या एकूण उत्पन्नावर नवीन करप्रणालीत कर लागणार नाही, आणि सेवांसाठीची २० लाखांची जीएसटी मर्यादा फार दूर आहे. नेमणूकपत्रात जोडधंद्याला मनाई नाही ना, तेवढे पाहून घ्या.

धुळ्याच्या परिचिताशी मात्र आजच बोला. पाच मूर्तींचे ४,००० रुपये ठरले आहेत, त्यांपैकी निम्मे प्रायमर लावण्यापूर्वी घ्यावेत, कुरिअर व पॅकिंगचा खर्च कोणाचा ते लिहून घ्यावे, आणि प्रिंटमध्ये भोक किंवा तडा निघाल्यास मूर्ती बदलून देण्याची जबाबदारी त्याची राहील, हेही त्याच संदेशात नमूद करावे.