चीडच्या जंगलातून काय गोळा करून आणाल?

एप्रिलअखेर उत्तराखंडात कुमाऊंला जाणार आहात, चीडच्या, म्हणजे तिथल्या पाइनच्या, जंगलात पक्षी बघायचेत आणि वाटेत सापडतील ती पिसं, रिकामी घरटी गोळा करून मुलीसाठी संग्रह करायचाय, असं तुम्ही विचारलंय.

संग्रहाचं आधी सांगतो. पिसं आणू नका, घरटी तर नाहीच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पीस, अंडं, घरटं हे सगळं 'ट्रॉफी'त मोडतं; जमिनीवर पडलेलं मिळालं म्हणून ते आपलं होत नाही. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि पीस तिथंच राहू द्या. जुन्या संग्राहकांना मी नावं ठेवत नाही. नैनितालजवळ १८७६ साली शेवटची मिळालेली हिमालयन क्वेल, लाव्याच्या कुळातला पक्षी, आज आपल्याला ठाऊक आहे ती जेमतेम डझनभर नमुन्यांमुळे. पण ते काम संग्रहालयांचं.

आता जंगल. पहिल्या दिवशी हिरमोड होईल, तयारी ठेवा. चीडखाली पिरूळचा, म्हणजे वाळक्या सुयांचा, जाड थर असतो, झुडपं विरळ, त्यामुळे शेजारच्या बांजच्या, म्हणजे ओकच्या, रानापेक्षा पक्षीही कमी. अर्धा अर्धा तास काही हलत नाही, आणि मग एकदम टिट, मिनिव्हेट, नटहॅच असा मिश्र थवा येतो आणि बघता बघता पसार होतो. म्हणून फार चालू नका. चीड आणि बांज जिथं एकमेकांत मिसळतात तिथं उजाडताच जाऊन बसा. वारा सुटला की सुयांच्या आवाजात बारीक साद ऐकूच येत नाही.

मला तिथला सगळ्यात प्रिय बार-टेल्ड ट्रीक्रीपर. दिसतो कसा, तर सालीचा एक खवलाच सरकल्यासारखा. शेपटीचा टेकू घेत, वाकडी चोच भेगेत घालत तो बुंध्याभोवती गोल गोल वर चढतो आणि वर पोचला की थेट पुढच्या झाडाच्या पायथ्याशी उतरतो. नटहॅच त्याच खोडावरून डोकं खाली करून येतो, शेपटीचा आधार न घेता. मुलीला हे दोघं दाखवा आणि तिच्या वहीत वेळ, झाड, खोडावरची जागा तिलाच लिहू द्या.

ब्लू-कॅप्ड रॉक थ्रश मात्र चुकवू नका. हिवाळ्यात आपल्या सह्याद्रीत सावलीला गप्प बसलेला दिसतो, तोच हा. तिथं या दिवसांत नर झाडाच्या शेंड्यावरून गात असतो. गाणं फोनवर रेकॉर्ड जरूर करा, पण त्याला बोलवायला स्पीकरवर वाजवू नका. वीण सुरू असते. घरट्याकडचं लक्ष सोडून तो नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला शोधत फिरतो.