साडेतीन वर्षांचा मुलगा, सहा महिने स्पीच थेरपी: प्रगती होतेय हे कशावरून ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की थेरपी सुरू झाली तेव्हा मुलगा दहा-बारा शब्द बोलायचा, आता साठेक बोलतो, तरी बालवाडीच्या बाई म्हणतात 'काही फरक नाही'. मी पुण्यातच स्पीच थेरपिस्ट आहे. मुलाला न बघता त्याच्याबद्दल ठाम काही सांगणार नाही, पण प्रगती कशी बघायची ते सांगू शकते.

शब्दांची वही ठेवताय, ठेवा. मात्र त्या साठात रंग, आकडे, प्राणी आणि 'ए फॉर ॲपल'च असेल, आणि 'दे', 'नको', 'अजून', 'संपलं', 'माझं' नसेल, तर त्याचं रोजचं काम अडलेलंच राहणार. बाईंना बहुधा तेच दिसतंय. तो स्वतःहून किती वेळा बोलतो? मागायला, नाकारायला, दाखवायला, तक्रार करायला? की 'बोल बाळा, हे काय?' म्हटल्यावरच? (पाहुण्यांसमोर परीक्षा घेणं तेवढं आजीला थांबवायला सांगा.)

साधारण पन्नास शब्द झाले की मुलं दोन शब्द जोडायला लागतात: 'बाबा आला', 'दूध नको'. साठ शब्दांनंतरही हे सुरू झालं नसेल तर थेरपिस्टशी बोला. जोडणी सुरू झाली की पुढे मराठीचं व्याकरण डोकावतं. 'घोडाला दे' असं चुकीचं म्हणाला तर मला आनंदच होतो, कारण 'ला' लावायचा नियम त्याचा त्याने पकडला. मुलगा असून 'मी जाते' म्हणाला तरी घाबरू नका. दिवसभर आईचंच ऐकतो, दुसरं काय म्हणणार! 'र'च्या जागी 'ल' येणं या वयात चालतं.

समजणं वेगळं तपासा. हात मागे ठेवून, चपलेकडे न बघता, 'बाबांची चप्पल आजीला दे' असं एकदाच सांगा. आपण नकळत बोट दाखवतो, आणि मग 'त्याला सगळं कळतं' असं वाटतं.

रिपोर्टवर बहुधा दोन आकडे असतील: आरएलए म्हणजे समजण्याचं वय, ईएलए म्हणजे बोलण्याचं. समजा, तीन वर्षांचा असताना ईएलए 15 महिने होतं आणि आता 24 आहे. सहा महिन्यांत नऊ महिन्यांची चाल, म्हणजे अंतर कमी होतंय. तेच 18 झालं असतं, तर तो फक्त पळत्या घड्याळाच्या मागे पावलं टाकतोय आणि थेरपीत काही बदलायला हवं का, हे विचारायला हवं. चाचणी दर महिन्याला मागू नका. सहा महिन्यांनी, शक्यतो त्याच चाचणीवर घ्या. मधल्या काळात महिन्यातून एकदा खेळतानाचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करा, प्रश्न न विचारता. दोन-तीन महिन्यांपूर्वीचं शेजारी ठेवून ऐकलंत की वहीपेक्षा जास्त कळेल.

घरी मराठी, सोसायटीत हिंदी, शाळेत इंग्रजी असेल तर तिन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजा. जास्त भाषांमुळे बोलणं लांबत नाही, त्यामुळे कुणी सांगितलं म्हणून घरातली मराठी बंद करू नका. बाईंना मात्र 'फरक आहे का' असं विचारू नका. 'डबा उघडून हवा असेल तर तो काय करतो?' असं विचारा.

कानांची तपासणी झालीय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. हाक मारल्यावर वळतो, म्हणजे नीट ऐकू येतं असं नाही. सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकणं कमी-जास्त होत राहतं. टिम्पॅनोमेट्री (पडद्यामागे पाणी आहे का ते बघणारी तपासणी) आणि वयाला साजेशी ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं त्याची तपासणी) करून घ्या. त्यात स्पष्ट कळलं नाही तर बेरा, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी तपासणी. आधी येत असलेले शब्द किंवा नजर देणं हरवत चाललं असेल, तर सहा महिन्यांच्या चाचणीची वाट न बघता लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा.

दुसरं मत हवं असेल तर धनकवडीला भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजी आणि स्पीचचं कॉलेज आहे, रास्ता पेठेत केईएम हॉस्पिटलचं बालविकास केंद्र आहे. कुठेही गेलात तरी थेरपिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक बघा, आणि जुना रिपोर्ट व रेकॉर्डिंग बरोबर न्या.