अंगणातली चूल, शेगडी की सोलर कुकर? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

दिवाळी झाली की बाहेर स्वयंपाक करायचे बेत सुरू होतात, आणि यावेळची बहुतेक पत्रं त्याबद्दलच आहेत, बागेत नेमकं काय घ्यावं आणि कुठे ठेवावं. सगळी छापता येणार नाहीत म्हणून काही निवडलीयेत. एक गोष्ट सगळ्यांनाच लागू आहे ती आधीच सांगते. आपल्याकडे बाहेरची शेगडी वापरून कमी आणि नुसती उभी राहून जास्त खराब होते, उन्हाने, पावसाने, किनाऱ्याला असाल तर खाऱ्या वाऱ्याने. त्यामुळे बर्नर किती आणि झाकणावर थर्मामीटर आहे का हे नंतर बघा, आधी धातू कुठला आणि वस्तू वर्षभर राहणार कुठे ते बघा.

नाशिकला बंगल्यामागे वीस बाय तीस फुटांची बाग आहे, ऊन भरपूर. शनिवार-रविवारी घरचे सात-आठ जण जमतो. मुलगा म्हणतो चार बर्नरचा झाकणवाला गॅस ग्रिल घेऊ, सासूबाई म्हणतात चूलच घाला. काय करू?

ताई, आधी घरातल्या सगळ्यांना विचारून एक यादी करा की बाहेर बसून तुम्हाला खरंच काय काय खायचंय. बहुतेक घरांत ती यादी अशी निघते: भरताची वांगी, कणसं, पनीर नाहीतर चिकन टिक्का, भाकरी, आणि एक पातेलंभर रस्सा. आता झाकणवाला ग्रिल बनवलेला असतो तो मांसाचे मोठे तुकडे मंद आचेवर भाजायला, त्यावर टिक्का छान होतो पण पातेलं ठेवलं की जाळी आणि बर्नर यात इतकं अंतर असतं की रश्श्याला उकळी यायलाच वेळ लागतो, भाकरीचा तवाही हवा तसा तापत नाही. म्हणून यात मी सासूबाईंच्या बाजूने आहे. वैलाची चूल घाला, म्हणजे मुख्य तोंडामागे भांडं ठेवायला आणखी एक तोंड असलेली, आणि शेजारी एक साधी कोळशाची शेगडी ठेवा, जाड पत्र्याची, खाली राख काढायचा कप्पा असलेली. वैल असला की पुढे भाकऱ्या होईपर्यंत मागे रस्सा गरम राहतो, त्याला वेगळं जळण लागत नाही. टिक्का आणि वांगी कोळशावर. मुलाची पण हौस भागेल.

जागा ठरवायला एक सोपी गोष्ट करा. ज्या वेळी जेवण करणार, म्हणजे समजा संध्याकाळी सहा-सातला, तेव्हा बागेत दोन-तीन ठिकाणी उदबत्ती लावून उभ्या राहा आणि धूर कुठे जातो ते बघा. तो घराच्या खिडकीत नाहीतर शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जात असेल तर ती जागा नको. चुलीचं तोंड वाऱ्याच्या सरळ समोर पण नको, जाळ भडकतो आणि लाकूड भसाभस संपतं, वारा बाजूने आला पाहिजे. वर पत्रा हवाच, नाहीतर मातीची चूल पहिल्याच पावसात बसते, पण पत्रा उंच ठेवा आणि बाजू मोकळ्या. आणि एक कळकळीने सांगते, हिरव्या शेडनेटखाली चूल किंवा शेगडी अजिबात पेटवू नका, हल्ली प्रत्येक बागेत ती जाळी असते, ती प्लास्टिकची असते आणि ठिणगीने वितळून पेटत खाली पडते.

तरीही गॅसच घ्यायचं ठरलं तर परदेशी ग्रिल घेताना विचारा की आपल्या सिलिंडरला चालणारा रेग्युलेटर आणि आपल्या गॅसचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी, त्याच्यासोबत येतात का. तिकडचा रेग्युलेटर आपल्या सिलिंडरच्या तोंडाला बहुतेक वेळा बसत नाही, मग कुणीतरी जोडकाम करून देतो, ते घेऊ नका.

दापोलीला समुद्रापासून अगदी जवळ घर आहे. दोन वर्षांपूर्वी घेतलेली ‘स्टेनलेस स्टील’ची शेगडी गंजून गेली. स्टील कसं गंजलं? आता काय घेऊ?

दादा, स्टीलमध्ये प्रकार असतात आणि दुकानात सगळ्यालाच नुसतं ‘स्टील’ म्हणतात. ३०४ नंबरच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ नंबरमध्ये निकेल कमी करून त्याजागी मँगनीज वाढवलेलं असतं, ते स्वस्त पडतं, दिसायला तितकंच चकचकीत, पण खाऱ्या हवेत लवकर डाग धरतं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं त्यामुळे मिठाला तेच सगळ्यात जास्त टिकतं, पण महाग. लोहचुंबक लावून बघायचा सल्ला सगळे देतात पण ३०४ आणि २०२ दोन्हीला चुंबक फारसा चिकटत नाही, त्यामुळे त्यावरून फरक कळत नाही. बिलावर ग्रेड लिहून मागा. दुकानदार लिहून देत नसेल तर समजून जा.

पण खरं सांगू का, किनाऱ्याला मी इतका पैसा शेगडीत घालणारच नाही. बिडाची जाळी आणि बिडाचा तवा घ्या, खालचा कोळशाचा कप्पा विटांचा बांधून घ्या. बीड गंजतं, पण वरवर, आणि घासून तेलाचा हात फिरवून गरम केलं की परत पहिल्यासारखं होतं. पातळ पत्रा गंजला की आरपार भोक. काम झालं की जाळी गोड्या पाण्याने धुवा, लगेच जाळावर कोरडी करा, तेल लावा आणि घरात न्या. स्क्रू, बिजागऱ्या, चाकं हे सगळ्यात आधी जातं, म्हणून जितके सुटे भाग कमी तितकं बरं.

पावसाळ्यात कव्हर घालून बाहेर ठेवण्यात काही अर्थ नाही, कोकणातल्या दमटपणात कव्हरच्या आत बाहेरपेक्षा जास्त ओल धरते. जून ते सप्टेंबर वस्तू पडवीत.

आणि तुमच्याकडून पलीकडे रायगडात थंडीत पोपटी लावतात, वालाच्या शेंगा, अंडी, चिकन, भांबुर्ड्याचा पाला, मडकं आणि भोवती जाळ. त्याला मडक्याशिवाय काहीही विकत घ्यावं लागत नाही. यावर्षी करून बघा.

नागपूरला बागेत पक्का ओटा बांधतोय, वर काळा ग्रॅनाइट टाकायचा विचार आहे, खालच्या कप्प्यात सिलिंडर. बरोबर आहे ना?

काळा ग्रॅनाइट नको. नागपूरचा मे, पारा ४५ च्या आसपास, काळा दगड दिवसभर उन्हात, संध्याकाळी सातला पण त्यावर कणकेची परात ठेवता येणार नाही. फिकट रंगाची फरशी घ्या, कोटा किंवा शहाबादी चालेल, फक्त जळता कोळसा थेट फरशीवर ठेवायचा नाही, चुनखडीचा दगड आहे, तडकतो. शेगडी जिथे बसणार तेवढ्या भागात भट्टीच्या विटांचा एक थर द्या. आणि नदीतले गोटे शोभेसाठी जाळाजवळ लावू नका, त्यांच्यात पाणी मुरलेलं असलं तर तापल्यावर फुटून उडतात.

ओटा अजून बांधला नसेल तर त्याची दिशा बदलता येईल का बघा. पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल तर ती भिंत दुपारभर तापून रात्री उष्णता सोडत राहते आणि स्वयंपाक करणारा माणूस दोन्हीकडून भाजतो. घराच्या पूर्वेला घेतलात तर दुपारनंतर घराचीच सावली ओट्यावर येते, छप्पर न टाकता.

सिलिंडरचं नीट ऐका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर उडून जात नाही, खाली साचतो. त्यामुळे कप्प्याला दार असेल तर जमिनीलगत मोठी जाळी हवी, शक्यतो समोरासमोर दोन, आणि जवळ गटाराचं किंवा पाण्याच्या टाकीचं तोंड नको. सिलिंडर कायम उभं आणि सावलीत. नळी आयएसआय मार्कची केशरी सुरक्षा नळीच घ्या, घरात ती पाच वर्षांनी बदलायची असते पण बाहेरच्या उन्हात रबर त्याआधीच कडक होऊ शकतं, म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला नळी वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या की बदला. साबणाचा फेस लावून जोड तपासणं तर दर वेळी सिलिंडर बदलल्यावर.

बार्शीजवळ शेतात घर आहे, आठ महिने कडक ऊन. सोलर कुकर खरंच उपयोगाचा असतो का की नुसता शोभेचा? पेटीचा घ्यावा की छत्रीसारखा?

तुमच्याकडे तो नसणं हाच वाया गेलेला पैसा आहे, इतकं मी ठामपणे सांगते. फक्त त्याच्याकडून काय मागायचं ते माहिती पाहिजे.

पेटीचा कुकर म्हणजे काळी पेटी, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा, आत चार काळे डबे. आत साधारण १०० ते १४० अंशांपर्यंत तापतं. यात वरण, भात, उसळ, बटाटे, रताळी, अंडी होतात, शेंगदाणे आणि रवा भाजून निघतो, नानकटाई आणि केक सुद्धा होतो. फोडणी, भाकरी, तळण होत नाही, ते मागूच नका. दहाच्या सुमाराला डबे आत ठेवले की दुपारी एकपर्यंत वरणभात तयार, मधे तासाभराने एकदा आरसा फिरवायचा. पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी घाला कारण वाफ बाहेर जात नाही, डाळ-तांदूळ आधी भिजवा. करपत नाही हा मोठा फायदा, शेतात कामाला गेलात तरी चिंता नाही. रव्याचा डबा मात्र उघडा ठेवायचा आणि मधून मधून हलवायचा.

छत्रीवाला, म्हणजे उलट्या छत्रीसारखी चकचकीत तबकडी जी ऊन एका जागी गोळा करते, साधारण १.४ मीटर व्यासाची असली तर चांगल्या उन्हात ६०० वॉटच्या आसपास ताकद देतो. त्यावर फोडणी होते, तळण होतं, कुकरची शिट्टी होते. पण दर १५-२० मिनिटांनी सूर्याकडे फिरवावा लागतो, वारा सुटला तर पाय घट्ट रोवलेले हवेत, आणि चकाकी इतकी की गडद गॉगलशिवाय जवळ उभं राहू नये. लहान मुलं घरात असतील तर हा घेऊ नका. वापर झाला की कापड टाकून झाका, उघडा राहिला तर त्याचा झोत समोर येईल त्या कडब्याला पेटवू शकतो. घरात दोन-तीन माणसं आणि रोजचा वरणभात असेल तर पेटीचाच घ्या. शिर्डीला साई संस्थानाच्या प्रसादालयात २००९ मध्ये ७३ मोठ्या छत्र्या गच्चीवर बसवल्या, त्यांच्या वाफेवर हजारो भाविकांचं जेवण शिजवण्यासाठी. तुमचं ऊन आणि शिर्डीचं ऊन काही वेगळं नाही.

जागा बघताना मात्र मे महिन्यातलं ऊन बघून ठरवू नका. मेमध्ये सूर्य दुपारी डोक्यावर असतो, सावलीच पडत नाही. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारी पण दहा फुटी भिंतीची सावली उत्तरेला जवळपास नऊ फूट लांब जाते आणि सकाळी दहाला तर त्याहून बरीच लांब. कुकर खरा वापरला जातो तो ऑक्टोबर ते मे, म्हणून सावली हिवाळ्यातली बघा, दक्षिणेला कडुलिंब किंवा गोठा असेल तर त्याच्यापासून लांब.

पुण्यात सोसायटीच्या वरच्या मजल्यावर टेरेस फ्लॅट आहे. कोळशाचा बार्बेक्यू चालेल?

सोसायटीची परवानगी काढा, नाही मिळाली तर इलेक्ट्रिक ग्रिल. २००० वॉटचा असेल तर तो १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावायचा, साध्या ६ अँपिअरच्या नाही, एक्स्टेन्शन बोर्डावर तर मुळीच नाही. कोळसा चालणार असेल तर शेगडीखाली विटा आणि त्यावर पत्र्याचा ट्रे, नाहीतर वॉटरप्रूफिंग जळतं आणि खालच्या घरात गळती लागते. पाऊस आला म्हणून पेटलेली शेगडी घरात किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत आणायची नाही. विझत आलेल्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि बंद खोलीत त्याने माणसं झोपेत दगावतात.

बागेतलंच छाटलेलं लाकूड जाळलं तर चालतं का?

आंबा, बाभूळ, चिंच, पेरू, बोर चालतं, पूर्ण वाळलेलं हवं. कण्हेर चुकूनही नको, त्याचा धूरसुद्धा विषारी असतो, टिक्क्याला काड्या म्हणून तर नाहीच. जुनं प्लायवूड, रंगवलेली फळी, पॅकिंगची औषध मारलेली लाकडं पण नकोत. कोळसा लाकडी घ्या, नाहीतर नारळाच्या करवंटीचा, दगडी कोळसा अन्नासाठी नाही. रॉकेल ओतून पेटवू नका, वास शेवटच्या घासापर्यंत जात नाही.

आम्ही मेलबर्नला असतो, जानेवारीत मित्रमंडळी बोलवायचीत. चूलच हवी असा सगळ्यांचा आग्रह आहे.

तिकडच्या उन्हाळ्यात टोटल फायर बॅन जाहीर झालेल्या दिवशी मोकळ्यावर लाकूड किंवा कोळसा पेटवता येत नाही, बागेत पण नाही, आणि दंड जबर असतो. अशा दिवशी गॅस किंवा इलेक्ट्रिक बार्बेक्यू नियम पाळून चालतो: भोवती तीन मीटरपर्यंत वाळकं गवत-पालापाचोळा नाही, पाण्याची नळी हाताशी, आणि एक मोठं माणूस सतत जवळ. म्हणून गॅसचा घ्या, त्यावर एका बाजूला सपाट तवा असलेलाच निवडा, भाकरी आणि थालीपीठ दोन्ही होतात. चूल जुलैमध्ये घाला, थंडी असेल, लोक आपणहून जाळाजवळ बसतील.